नोराबाईंसाठी कोरडं घर

परदेशप्रवासाचं वर्णन लिहायचं तर आधी विमानात बसावं लागतं, अशी माझी समजूत होती. ती चुकीची निघाली. मार्गशीर्ष सरता सरता मी तीन दिवस परदेशात फिरून आले आणि त्यासाठी मला आमच्या जुन्या गाडीच्या मागच्या सीटवर बसण्यापलीकडे काही करावं लागलं नाही. परदेश पुढच्या सीटवर, माझ्या यजमानांच्या शेजारी, काच खाली करून बसला होता. त्याचं नाव नोरा.

आमची अश्विनी आयर्लंडमध्ये नर्स आहे. ज्या गावात ती राहते त्याचं नाव मला अजून धड म्हणता येत नाही, आणि मी तीस वर्षं भूमच्या शाळेत इंग्रजी शिकवलं आहे. तिथं ती आणि जावई, नोराबाईंच्या घरात वरच्या मजल्यावर एका खोलीत भाड्यानं राहतात. नोराबाई सत्तरीच्या, विधवा, मूलबाळ नाही, गुडघे दुखतात, झोप सावध. अश्विनीला दिवस गेल्याचं कळलं तेव्हा त्यांनी तिचं मनापासून अभिनंदन केलं आणि दुसऱ्या दिवशी सांगितलं की रडणारं मूल या घरात चालणार नाही. आता त्या गावात दुसरं भाड्याचं घर मिळणं म्हणजे आमच्याकडं उन्हाळ्यात टँकर वेळेवर येण्यासारखं. पोरगी फोनवर रडायची, आणि मी इथं भांडी आपटायची.

मग नोराबाईंनीच तोड काढली. त्यांना म्हणे कैक वर्षांपासून हिवाळे कुठंतरी स्वस्त, कोरड्या, लहानशा गावात काढायचे होते. तसं घर मिळालं तर त्या वर्षातून सहा-सात महिने तिकडंच राहतील आणि आपलं अख्खं घर अश्विनीला सध्याच्याच भाड्यात देतील. मिळालं नाही तर परत येतील, आणि अश्विनीनं आपली सोय बघावी. त्यांनी इंटरनेटवर चाळणी लावली: लहान गाव, शांत उपनगर, भाडं कमी, पाऊस जवळजवळ नाही. चाळणीतून आमचा जिल्हा खाली पडला. पाऊस पडत नाही म्हणून आमच्याकडं कुणी हौसेनं येईल, हे आम्हाला तोवर सुचलं नव्हतं.

एकच अट होती. रीतसर भाडेकरार हवा, घरमालकाच्या सहीचा. पोलीस ठाण्यात दाखवायला तो लागणारच होता, पण पोलिसांपेक्षा तो नोराबाईंना जास्त हवा होता. सगळं आयुष्य त्यांनी घरमालकीण म्हणून काढलेलं. "कागदाशिवाय मी कुणाच्या छत्रीखालीसुद्धा उभी राहत नाही," त्या मला म्हणाल्या.

म्हणजे माझ्या नातवंडाचा पाळणा आयर्लंडमध्ये कुठं बांधला जाणार, हे धाराशिव जिल्ह्यात कोण सही करतो त्यावर ठरणार होतं. मला हे काम अगदी सोपं वाटलं. आमच्याकडं निम्मी घरं कुलूप लावून पुण्याला गेलेली आहेत.

आमचं स्वतःचं घर? वरच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत. पण घर सासऱ्यांच्या, म्हणजे आबांच्या नावावर. नोराबाई आमच्याकडं येऊन उतरल्या त्या पहिल्याच संध्याकाळी मी आबांना विचारलं होतं. "पाव्हणी म्हणून जल्मभर राहू द्या," ते म्हणाले. "कागद न्हाय." आणि त्यांनी अडकित्ता उचलला. त्यांनी अडकित्ता उचलला की विषय संपतो. म्हणून आम्ही निघालो.

वाशी

माझे यजमान जन्मभर एसटीत कंट्रोलर होते. अजूनही गाडी सुरू करण्याआधी ती कुठून कुठं आणि कुठल्या मार्गानं जाणार ते मोठ्यानं सांगतात. नोराबाईंना वाटलं ही प्रार्थना आहे. त्यांनी मान खाली घातली आणि संपल्यावर 'आमेन' म्हणाल्या. यांना ते इतकं आवडलं की पुढं तिन्ही दिवस ते थांबून 'आमेन'ची वाट बघत.

आमच्या जिल्ह्यातल्याच वाशीत बापूराव नावाचे यांचे ओळखीचे आहेत, बी-बियाण्याचं दुकान चालवतात. गावाबाहेर त्यांचं नवं बांधलेलं रिकामं घर होतं. नोराबाईंना उपनगर हवं होतं आणि आमच्याकडं उपनगराला 'प्लॉटिंग' म्हणतात. खडकाळ माळावर पांढरे दगड रोवलेले, मधोमध मुरमाचा रस्ता, पुढं मोठी कमान आणि कमानीवर 'हरितनगरी' असं लिहिलेलं. औषधालासुद्धा हिरवं पान नव्हतं. पुऱ्या हरितनगरीत घर एकच, बापूरावांचं, आणि त्याच्या सावलीत एक शेळी. नोराबाई गाडीतून उतरल्या, चहूकडं बघितलं आणि म्हणाल्या, "किती शांत." बापूरावांनी हा प्लॉट घेतल्यापासून त्याचं कौतुक पहिल्यांदाच ऐकलं असावं. ते एकदम फुलले.

घर बघण्याची नोराबाईंची रीत वेगळी. आपण नळ सोडून बघतो, दक्षिणेला दार आहे का बघतो, शेजारी कोण ते विचारतो. त्या भिंतीला गाल लावून उभ्या राहिल्या. मग बोटांनी टकटक केलं, मग कोपऱ्यात वाकून वास घेतला.

"काय करायल्यात ह्या?" बापूरावांनी मला हळूच विचारलं.

"ओल आहे का बघतायत."

"ओल?" बापूरावांनी भिंतीकडं बघितलं. "निघाली तर लगेच सांगा म्हणावं. तिथंच बोअर पाडतो."

ओल नव्हती. नोराबाईंच्या डोळ्यांत पाणी यायचं तेवढं बाकी राहिलं. एका खोलीला मात्र कुलूप होतं. खिडकीतून आत दोन पोती दिसली. ती कसली म्हणून नोराबाईंनी विचारलं, तर बापूराव म्हणाले, "असू द्या. ताब्याला हायत." म्हणजे घर कुणाला वापरायला दिलं तरी मालकाची दोन पोती आत असली की ताबा मालकाचा राहतो. पोत्यात काय आहे याला महत्त्व नाही. मी हे भाषांतर करून सांगितलं. नोराबाईंनी नुसती मान हलवली, जणू या गोष्टीची त्यांना ओळख होती.

जेवण बापूरावांच्या गावातल्या घरी. येसरची झणझणीत आमटी, भाकरी, जवसाची चटणी. पहिल्याच घासाला नोराबाईंच्या डोळ्यांतून धारा लागल्या. बापूरावांच्या बायकोला, रुक्मिणीबाईंना, वाटलं की पाहुणचारानं बाईला गहिवरून आलं. त्याही पदर डोळ्याला लावून बसल्या आणि आणखी एक वाटी आमटी वाढली.

मग मी भाड्याचं काढलं.

बापूरावांनी जीभ चावली. "बाई, पाव्हण्याकडून भाडं घ्यायची येळ अजून आली न्हाय आमच्यावर. राहू द्या की. वर्षभर राहू द्या. दळण आमीच आणून देऊ."

नोराबाई म्हणाल्या, "फुकट राहणाऱ्याला बाहेर काढायला मालकाला एक मिनिट पुरतं. मी काढलेलं आहे. भाडं घ्या आणि कागद करा."

"कागद न्हाय," बापूराव म्हणाले.

"का?"

"कूळ लागतंय."

वाचकांपैकी ज्यांना हे ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. दुसऱ्याची जमीन कसतो तो कूळ. निजाम गेला, कायदा आला, आणि कसणाऱ्यांच्या नावावर जमिनी झाल्या. तो कायदा शेतीचा. अकरा महिन्यांच्या करारावर दिलेल्या घराला कूळ लागत नाही हे वकील सांगून सांगून दमले. पण कागदावर दुसऱ्याचं नाव चढलं की घर गेलं, ही धास्ती आमच्याकडं घराघरात आहे. म्हणून लोक घर फुकट देतील, वर दळण देतील, पण सही देणार नाहीत.

"बापूराव," मी म्हटलं, "सत्तर वर्षांची बाई ही. आयर्लंडहून येऊन ती तुमचं हरितनगरीतलं घर बळकावणार आहे का?"

"ती न्हाय हो. तिची पोरं."

"तिला पोरं नाहीत."

"मग तर लईच अवघड," बापूराव म्हणाले. "बिनवारस माणसाच्या मागनं कोण उभं राहील, काय सांगता येतंय?"

इतक्यात रुक्मिणीबाई ताट घेऊन आल्या. मी काही सांगायच्या आत त्यांनी विधवा नोराबाईंना कुंकू लावलं, हिरवं पातळ, खण आणि नारळ यांनी ओटी भरली आणि जाहीर केलं की आजपासून ह्या माझ्या नणंद. बापूरावांचा चेहरा उजळला. प्रश्नच मिटला होता. "झालं मग," ते म्हणाले. "बहीण झाली. बहिणीचा कशाला कागद? भावाचं घर ते तिचंच घर."

हे वाक्य पुरतं उच्चारून झाल्यावर त्यांना ते ऐकू आलं. त्यांचा हात सुपारीच्या डबीवर तसाच थांबला. बहीण म्हणजे वारस. आपल्या दोन सख्ख्या बहिणींकडून त्यांनी मोठ्या मिनतवाऱ्या करून हक्कसोड लिहून घेतली होती, आणि आता जेवणानंतर बसल्या बसल्या ही तिसरी झाली होती.

त्यांनी बायकोला आत बोलावलं. आतून थोडी कुजबूज ऐकू आली. बाहेर आले ते घसा खाकरत. "बाई, एक करता येईल. ह्यांनी हक्कसोडीवर सही केली, तर मग खुशाल राहू द्या."

कागद आणि सही हे शब्द नोराबाईंना एव्हाना मराठीत ओळखू यायला लागले होते. त्या आनंदानं सावरून बसल्या. मला सांगावं लागलं की हा तो कागद नाही, यात तुम्ही बहीण या नात्यानं या गृहस्थांच्या वडिलोपार्जित मालमत्तेवरचा हक्क सोडता आहात.

नोराबाईंनी विचार केला. "मालमत्ता साधारण किती आहे?"

मी भाषांतर केलं नसतं तर बरं झालं असतं. बापूरावांनी आम्हाला गाडीपर्यंत पोचवलं आणि गाडी वळणापल्याड जाईपर्यंत हात जोडून उभे राहिले. पातळ मिळालं, घर नाही मिळालं. संध्याकाळी अश्विनीनं फोन केला तेव्हा मी सांगितलं की बघतोय, एक-दोन ठिकाणं चांगली आहेत.

तामलवाडी

दुसऱ्या दिवशी तुळजापूर मागं टाकून तामलवाडीला पोचलो. गावात माणूस नाही. दारोदार कुलपं, पारावर एक म्हातारं कुत्रं. नोराबाईंचा जीव हरखला. "हे सगळंच भाड्यानं आहे का?" त्यांनी विचारलं.

त्या दिवशी येळवस होती. आमच्या भागात मार्गशीर्षातल्या अमावास्येला सगळं गाव शेतात असतं. पिकात कडब्याची खोपी उभी करतात, तिला 'कोप' म्हणतात. आत चुन्यानं रंगवलेले दगडाचे पांडव मांडतात, पूजा करतात, आणि दिवसभर जेवतात. बांधावरून जाणाऱ्या कुणालाही त्या दिवशी जेवल्याशिवाय पुढं जाऊ देत नाहीत. आम्ही ज्यांच्याकडं निघालो होतो ते शिवप्पा, यांचे एसटीतले जुने सोबती, रिटायर झालेले कंडक्टर. त्यांच्या शेतापर्यंत पोचण्याआधी आम्हाला चार बांध ओलांडावे लागले आणि चारही बांधांवर जेवावं लागलं. नोराबाईंना हे शिष्टाचाराचं वाटलं, म्हणून पहिल्या ठिकाणी त्या पोटभर जेवल्या. ती चूक त्यांना तिसऱ्या बांधावर कळली.

शिवप्पांच्या ज्वारीत ऊन उतरलं होतं. हरभरा घाट्यांवर आलेला, करडई फुललेली. शिवप्पा कपाळाला भस्म लावून, हातात आंबिलाचा गडू घेऊन पिकाभोवती शिंपडत फिरत होते आणि मध्येच अर्धा कानडी, अर्धा मराठी पुकारा देत होते. त्यांची बायको गंगव्वा घरी कानडी बोलते. तिनं नोराबाईंकडं बघितलं, ही बाई मराठी नाही एवढं ताडलं, आणि सरळ कानडीत सुरुवात केली. "ऊट माडरी," म्हणजे जेवा, म्हणत तिनं पुढ्यात पत्रावळ मांडली. नोराबाईंनी इंग्रजीत उत्तर दिलं. पुढचा अर्धा तास दोघी आपापल्या भाषेत गुडघ्यांविषयी बोलत होत्या, कारण दोघींचे हात गुडघ्यांवर होते. मला कुणी भाषांतराला बोलावलं नाही. तीन दिवसांत माझी गरज पडली नाही असा हा एकच अर्धा तास.

पालेभाज्या आणि ओल्या शेंगांची भज्जी, बाजरीचे उंडे, तिळाची पोळी, गव्हाची खीर आणि वर मडक्यातलं गार आंबील. मी नोराबाईंना 'साकु' म्हणजे पुरे, हा शब्द शिकवला. त्या अतिशय स्पष्ट उच्चार करून 'साकु' म्हणत. परदेशी बाईच्या तोंडून कानडी ऐकून गंगव्वाला एवढा आनंद होई की ती दर वेळी आणखी एक उंडा वाढी.

जेवून झाल्यावर नोराबाई कोपीत शिरल्या. आम्हाला वाटलं, जरा पडणार. पण आतून टकटक ऐकू आली. त्या कडब्याच्या भिंतीला गाल लावून उभ्या होत्या. बाहेर येऊन त्यांनी निकाल दिला की हवा खेळती आहे, ओल शून्य, शेजार सभ्य.

"शिवप्पा," हे म्हणाले, "गावातलं तुझ्या थोरल्या पोराचं घर रिकामं हाय न्हवं? ह्यांना भाड्यानं दे. कागद करून."

शिवप्पांनी गडू खाली ठेवला. "घराचं इचारू नका, सायेब. थोरला सोलापुरातनं आला तर मला काय म्हणंल? फुकट राहू द्या, म्या नको म्हणलोय का? पण घर कागदात अडकवू नका." मग नोराबाईंचा पडलेला चेहरा बघून त्यांना फारच वाईट वाटलं. कोपीकडं बोट दाखवून ते म्हणाले, "ह्याचा कागद करू की. आत्ता करू. म्या सही देतो."

"ह्याचा? आणि उद्या?"

"उद्या काय, मोडायचं. कडबा बैलाला."

मी हे नोराबाईंना सांगितलं. दोन दिवस ज्या शब्दासाठी वणवण चालली होती तो 'करू की' असा सहज, मनापासून आला होता, आणि साऱ्या जिल्ह्यात ज्या एका घरावर कुणी सही द्यायला तयार होतं ते घर उद्या बैल खाणार होते. मला हसावं की रडावं कळेना. नोराबाईंनी मात्र घरमालकिणीच्या गांभीर्यानं विचारलं, "बैलांना महिनाभराची नोटीस देता येईल का?"

शिवप्पांनी खरोखर विचार केला. "एक बैल ऐकंल," ते म्हणाले. "दुसऱ्याचं सांगता येत न्हाय."

निघताना नोराबाई जमिनीवरून उठल्या, कुणाचा हात न धरता. उठून झाल्यावर त्यांनी खाली आपल्या गुडघ्यांकडं बघितलं. आल्यापासून ते एकदाही दुखले नव्हते, हे त्यांच्या आत्ता लक्षात आलं. गाडीत, तुळजापूरच्या अलीकडं त्या मला म्हणाल्या, "शैला, तुझा देश फार चांगला आहे. इथं सगळं मिळतं, फक्त भाड्यानं मिळत नाही. मी परवाचं तिकीट बघते." त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडले असते. मी मागच्या सीटवर तोंड फिरवून रडले. समोर हरभऱ्याचं शेत होतं, एवढंच आठवतं.

भूम

सकाळी अंगणात चहा घेताना नोराबाईंनी विचारलं, "कूऽऽळ म्हणजे काय? दोन दिवस सगळे हा शब्द बोलतात आणि मग माझ्याकडं बघतात."

मी आतापर्यंत तो 'इथली पद्धत' असा उडवून लावला होता. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी सगळं सांगितलं: जमीनदार, कसणारे, कायदा, नावावर झालेल्या जमिनी. आबा लिंबाखाली बाजल्यावर सुपारी कातरत बसले होते.

ऐकता ऐकता नोराबाईंनी कप खाली ठेवला. "अगं, मग मी कूळच आहे," त्या म्हणाल्या. "माझे पणजोबा एका लॉर्डची जमीन कसायचे. कायदा आला, जमीन त्यांची झाली. अश्विनी राहते ते घर त्याच वावरात आहे."

मी वळून आबांना सांगितलं, जसंच्या तसं. अडकित्ता थांबला.

"लार्ड म्हंजी?" आबांनी विचारलं.

"त्यांच्याकडचे देशमुख."

आबा बाजल्यावर सरळ झाले. नव्वदीला टेकलेला माणूस, दुपारपर्यंत मोजून चार वाक्यं बोलतो. त्या सकाळी त्यांनी माझ्याकडून अशी काही भाषांतरं करून घेतली की माझा घसा बसला. रान किती होतं? पेरा कशाचा? बटाट्याचा, असं कळल्यावर त्यांनी जरा नाक मुरडलं. फुकट मिळालं का? नाही, हप्त्यानं, वर्षानुवर्षं. "आमीबी हप्त्यानं," आबा म्हणाले. हे मला नवीन नव्हतं. आमचं ओढ्याकाठचं रान आबांच्या वडिलांना असंच मिळालं, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. पण ज्या घराला अन्न कुळकायद्यानं दिलं, त्याच घरात कुळाच्या भीतीनं दोन खोल्या बंद आहेत, हे आम्हा कुणाच्या मनात कधी आलंच नव्हतं.

मग आबांनी खरा प्रश्न विचारला. "त्यो देशमुख पुन्यांदा आलता का कधी?"

"तो नाही," नोराबाई म्हणाल्या. "त्याची नात आली होती, मी लहान असताना. तिला फक्त जागा बघायची होती. आईनं तिला चहा दिला, केक दिला, फाटकापर्यंत पोचवलं. ती गेल्यावर आईनं सगळ्या दारांची कुलपं बदलली."

मी सांगितलं आणि आबा हसायला लागले. आबांना हसताना मी माझ्या लग्नानंतर दोनदा पाहिलं असेल. त्यांच्या खांद्यावरचा पंचा घसरला. "आमच्यात देशमुखाचा नातू आलता," ते म्हणाले. "मोटारीतनं. वावर बघाय आलो म्हणाला. चा पाजला, हुरडा खाऊ घातला. ग्येला, आन म्या आठ दिस बांधावर निजलो. बांध उचलून न्हेतो का काय." डोळे पुसून त्यांनी नोराबाईंकडं निरखून बघितलं, आणि पहिल्यांदाच मला मध्ये न घेता थेट त्यांना म्हणाले, "तुमची आय शाणी व्हती."

थोड्या वेळानं त्यांनी यांना हाक मारली. "दत्ता, कागद कर. कुळाला कूळ लागत न्हाय."

हे तत्त्व कुठल्या कायद्यात आहे ते आमच्या वकिलांना सांगता आलं नाही. पण आबा मागं फिरायच्या आत करार टाईप झाला. आबांची शाळा निजामाच्या राज्यातली, दोन-तीन इयत्तांपुरती, त्यामुळं सही ते उर्दूत करतात. पोलीस ठाण्यातल्या हवालदारांनी कागद सरळ धरला, उलटा धरला, आणि घरमालकही परदेशी आहेत का असं विचारलं. यांनी गाडीचा मार्ग सांगावा तशी आबांची चार पिढ्यांची माहिती सांगितली. कागद जमा झाला.

आबांची एकच अट. त्यांची दोन पोती वरच आतल्या खोलीत राहतील. मला लाज वाटली, पण नोराबाई म्हणाल्या, हो तर, राहायलाच हवीत.

हा प्रवास इथं संपतो, पण लिहायला बसले ती पुढच्या एका दुपारमुळं. माघात अश्विनीला मुलगी झाली. बाळ घरी आल्यावर तिनं व्हिडिओ कॉल केला. आम्ही सगळे वर नोराबाईंच्या खोलीत जमलो होतो, आबासुद्धा जिना चढून आले. नोराबाई रुक्मिणीबाईंचं हिरवं पातळ गाऊनवर गुंडाळून बसल्या होत्या. बाळ रडत होतं. नोराबाईंनी आवाज मोठा करायला सांगितला.

पाळणा जिन्याखालच्या वाटेत मांडला होता. मी म्हटलं, अगं, तिथं वारं लागेल, आत का नाही? अश्विनी अवघडली. "आई, ती मागची उबदार खोली नोराबाईंनी बंद करून ठेवली आहे. त्यांचं सामान आहे आत."

मी नोराबाईंकडं बघितलं. आबांनी माझ्याकडं बघितलं. मी सांगितल्यावर आबांनी विचारलं, "काय हाय त्या खोलीत?"

"दोन बॅगा," नोराबाई म्हणाल्या. मग पातळाचा काठ सारखा करत, "रिकाम्या."

आबांनी मान हलवली. "माज्याबी पोत्यात भुसाच हाय."

फोनमधून बाळाचं रडणं येत होतं. मग नोराबाई पुढं वाकून फोनमध्ये म्हणाल्या, "अश्विनी, चहाच्या डब्यामागं किल्ली आहे. पाळणा आत ने." अश्विनीनं तोंडावर हात धरला, आणि मी इथं जोरात रडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगण झाडत होते. आबांनी यांना वर पाठवलं आणि खांद्यावरून एक पोतं खाली आणायला लावलं. यांनी दुसऱ्यासाठी पुन्हा जिन्याकडं पाय वळवला, तर आबा म्हणाले, "ऱ्हाऊ दे. एक असू दे."

ते अजून वर आहे. नोराबाई त्यावर चहाचा कप ठेवतात.